तीस इंचांच्या समुद्रात कोणाकोणाला घ्यायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी नागपूरला मनीषनगरात राहतो. घरी सहा वर्षांपासून गोड्या पाण्याचा टँक आहे. गप्पी, एंजल, फ्लॉवरहॉर्न, सगळं करून झालं. आता खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा आहे. काच आणून ठेवली आहे, ३० इंच लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच. पाणी अजून भरलं नाही. दुकानदार म्हणून राहिला की दोन निमो, एक डोरी, पाच हिरवे क्रोमिस, एक छोटा लायनफिश, एक क्लीनर रॅस, समुद्रघोड्याची जोडी आणि निमोला राहायला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) असा पूर्ण सेट देतो, सगळे एकमेकांसोबत जमतात. आधी टँक सायकल करायला, म्हणजे पाणी माशांसाठी तयार करायला, तीन डॅमसेल मासे टाका म्हणतो. माझी मुलगी नववीत आहे, ती म्हणते की बाबा, आधी कोणाला तरी विचारा. म्हणून लिहितो आहे. कोण कोणासोबत राहील? आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हे मासे टिकतील का? आणि मे महिन्यातच आम्ही आठ-दहा दिवस गावी जातो, तेव्हा काय करायचं?

उत्तर

भाऊ,

पाणी भरायच्या आधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. मासे घरी आल्यावर पत्र आलं असतं, तर कोणाला परत करा आणि कोणाला वेगळं काढा एवढंच सांगता आलं असतं. तुमच्या हातात अजून सगळंच आहे. मुलीलाही माझ्याकडून शाबासकी द्या.

आधी काचेचा हिशोब करू. तुमच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे १३० लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी उरतं शंभर-एकशेपाच लिटर. गोड्या पाण्याच्या सवयीने तुम्हाला हे भरपूर वाटेल, पण खाऱ्या पाण्याचे नियम कडक असतात. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि या पीएचला अमोनिया कितीतरी अधिक विषारी ठरतो. पीएच ७ च्या टँकमध्ये गप्पींनी पचवलेली अमोनियाची पातळी इथे एका रात्रीत मासे मारू शकते. म्हणून तुमच्या टँकसाठी माझं उत्तर आहे, चार लहान मासे. फार तर पाच. दुकानदाराच्या सेटमध्ये तर डॅमसेल धरून पंधरा जीव आहेत, ॲनिमोन वेगळाच.

कोण कोणासोबत राहील हे ठरवताना मी आधी तोंड पाहते आणि मग जागा. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो त्याला आज ना उद्या खाणारच, त्याच्या स्वभावाला दोष देऊन उपयोग नाही. जागेचं प्रकरण जास्त अवघड आहे. प्रवाळ खडकावरचे बरेच मासे एखादी कपार, एखादा दगड, वाळूचा एखादा तुकडा आपला मानतात आणि तो राखतात. समुद्रात हाकललेला मासा दहा फूट दूर निघून जातो आणि भांडण तिथेच संपतं. तीस इंचांत निघून जायला जागाच नसते. हरलेला मासा हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात तरंगत राहतो, खात नाही आणि काही दिवसांत मरतो. दुकानात दीड-दोन इंचांची पिल्लं एका टाकीत गुण्यागोविंदाने फिरताना दिसतात, कारण ती दोन दिवसांपूर्वी आलेली असतात, भेदरलेली असतात आणि कोणाचीच जागा अजून ठरलेली नसते. तेवढं पाहून जमतात असं मानू नका.

आता सेटकडे वळू. लायनफिश सर्वांत आधी यादीतून काढा. छोटा म्हणून दिलेला लायनफिश फूटभर वाढतो आणि गिळता येईल तो प्रत्येक मासा गिळतो. त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. काच पुसायला मुलीचा हात टँकमध्ये जाणार आहे, हे विसरू नका. डोरी म्हणजे ब्लू टँग, तोही पूर्ण वाढला की फूटभराचा होतो. दिवसभर लांब अंतर कापत पोहणारा मासा आहे तो, त्याला सहा फुटी टँक लागतो. तुमच्या टँकमध्ये तो खंगेल, आणि खंगलेल्या टँगच्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणजे मरीन इक, फार लवकर येतात. तिथून तो रोग सगळ्यांना लागतो. मुलीला डोरी आवडत असेल तर वाईट वाटेल, पण हा हट्ट पुरवू नका.

हिरवे क्रोमिस थव्याने राहतात म्हणून पाच घ्यायला सांगतात. लहान टँकमध्ये त्यांच्यातला दांडगा सर्वांत दुबळ्याला टोचत राहतो. तो मेला की पुढच्याची पाळी. वर्षभरात बहुतेक घरी एकच क्रोमिस उरलेला दिसतो. क्लीनर रॅस समुद्रात इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टँकमध्ये चार माशांवर त्याचं पोट भरत नाही आणि बरेचसे रॅस उपाशी मरतात. तो समुद्रातच बरा.

समुद्रघोड्यांबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या देशात समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली २००१ पासून संरक्षित आहेत. त्यांना पकडणं आणि विकणं हा गुन्हा आहे, आणि असे पकडलेले विकत घेऊन घरी ठेवलेत तर तुम्हीही त्यात सापडाल. खडक बांधणारी कठीण प्रवाळंही त्याच कायद्याखाली येतात. म्हणून दुकानात कोणी लाइव्ह रॉक म्हणून समुद्रातून उचललेला प्रवाळाचा तुकडा दाखवला तर तोही घेऊ नका. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात. दोन-तीन महिन्यांत त्यांच्यावर जिवाणू बसतात आणि ते तेच काम करतात. मन्नारच्या आखातातले किंवा अंदमान-लक्षद्वीपचे खडक तोडून आपली बैठकीची खोली सजवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

ॲनिमोनचं थोडक्यात सांगते. त्याला तेज प्रकाश लागतो आणि निदान सहा महिने, खरं तर वर्षभर, स्थिरावलेलं पाणी लागतं. नव्या टँकमध्ये तो जागा शोधत सरकतो, पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाच्या, म्हणजे वेव्हमेकरच्या पात्यात अडकतो आणि मेला की एका रात्रीत सगळं पाणी नासवतो. क्लाउनफिशला, म्हणजे तुमच्या निमोला, जगायला त्याची गरज नसते. तो एखादा दगड किंवा पंपाजवळचा कोपरा आपला मानून तिथेच झुलत राहतो.

आणि डॅमसेल. टँक सायकल करायला डॅमसेल टाकण्याचा सल्ला फार जुना आहे, आणि माझा त्याला पूर्ण विरोध आहे. सायकल म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढवणं. त्यासाठी जिवंत माशाला महिनाभर विषात ठेवायचं कारण नाही. डॅमसेल चिवट असतो, त्यातून वाचतो, आणि महिन्याभरात अख्खा टँक त्याच्या मालकीचा झालेला असतो. विशेषतः काळ्या-पांढऱ्या तीन पट्ट्यांचा आणि डोमिनो नावाने मिळणारा, हे दोघं पुढे येणाऱ्या प्रत्येक शांत माशाचा छळ करतात. मग ते निघता निघत नाहीत, कारण त्यांना पकडायला सगळे दगड उपसावे लागतात. त्याऐवजी बाजारातून झिंगा आणा, त्याचा एक तुकडा जुन्या मोज्याच्या कापडात बांधून पाण्यात सोडा. तो कुजतो, अमोनिया तयार होतो, जिवाणूंना खाणं मिळतं. टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी पाणी पाहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही उतरतील. चार ते सहा आठवडे लागतात. दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागलं, की मोठा पाणीबदल करा आणि मग पहिल्या माशाचा विचार करा. हे काम मुलीकडे द्या. वहीत तारखेसमोर आकडे लिहीत गेली तर शाळेतल्या रसायनशास्त्रापेक्षा जास्त शिकेल.

मग घ्यायचं कोणाला? टँककडे तीन मजल्यांचं घर म्हणून पाहा आणि प्रत्येक मजल्यावर एकच बिऱ्हाड ठेवा.

तळमजल्यावर, वाळूत, एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी, म्हणजे पिस्टल श्रिंप. दोघं मिळून एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण खणण्यात ती पटाईत. ती दिवसभर वाळू उपसून बीळ नीट ठेवते आणि मासा दाराशी बसून पहारा देतो. बाहेर आली की तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो, ती आत पळते आणि पाठोपाठ तोही. मला खाऱ्या पाण्यातली कोणतीही रंगीत झळाळी या जोडीपुढे फिकी वाटते. तासन् तास पाहत बसावं असं हे आहे, आणि लहान टँकमध्येच ते नीट दिसतं, मोठ्या टँकमध्ये जोडी हरवून जाते. यांच्यासाठी दोन-अडीच इंच जाडीची वाळू टाका, त्यात थोडा शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे मिसळा, म्हणजे बिळाचं छत कोसळत नाही. एक काळजी घ्या. दगड वाळूवर ठेवू नका, आधी काचेच्या तळाला टेकवून रचा आणि मग भोवती वाळू घाला. कोळंबी दगडाखाली खणते आणि वाळूवर ठेवलेला दगड कोसळला तर दोघंही चिरडतात.

मधल्या मजल्यावर एक फायरफिश. पुढून पांढरा, मागून तांबडा, पाठीवर तुऱ्यासारखा लांब पर. अडीच-तीन इंचांचा, भित्रा, कोणाच्या वाटेला न जाणारा. एकच घ्या. खात्रीची जोडी नसेल तर दोघं एकमेकांना सोडत नाहीत. तो दगडातलं एक भोक आपलं ठरवतो आणि घाबरला की बाणासारखा त्यात शिरतो. तिथे जाता आलं नाही तर वर उडी मारतो. झाकणाशिवाय हा मासा आणू नये, सकाळी फरशीवर सापडतो.

वरच्या मजल्यावर क्लाउनफिशची जोडी. हे घरातले मुख्य भाडेकरू, म्हणून त्यांची निवड नीट करा. क्लाउन म्हणून विकले जाणारे सगळे एका स्वभावाचे नसतात. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला ऑसेलॅरिस किंवा पर्क्युला घ्या. मरून क्लाउन आणि टोमॅटो क्लाउन मोठे होतात आणि लहान टँकमध्ये दुसऱ्या कोणाला जगू देत नाहीत. सेबे आणि क्लार्की हे आपल्या किनाऱ्यांवर सापडणारे क्लाउन स्वस्तात मिळतात, पण तेही ऑसेलॅरिसपेक्षा दांडगे. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून दोन्ही लहान, पण एक जरा मोठा आणि एक छोटा असे घ्या. मोठा आपोआप मादी होईल आणि छोटा त्याच्यापुढे अंग थरथरवून माघार घेईल. ते थरथरणं पाहून घाबरू नका, जोडी जमल्याची ती खूण आहे. दोन एकाच मापाचे मोठे मासे आणलेत, तर त्या दोन माद्या असू शकतात आणि एक मरेपर्यंत भांडतील. तिसरा क्लाउन आणू नका. नीट ठेवलेली जोडी दहा-पंधरा वर्षं सहज जगते, म्हणजे मुलगी नोकरीला लागेपर्यंत.

क्लाउनफिश टाकीत जन्मलेलेच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे आणि देशात टाकीत वाढवलेली पिल्लं मिळतात. अशा पिल्लांना दाणे खायची सवय असते, ती माणसाला भीत नाहीत आणि समुद्रातून एक मासाही कमी होत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, हे हॅचरीचे आहेत का? उत्तर गोलमोल आलं तर थांबा.

पाचवा मासा घ्यायचाच असेल तर एक पजामा कार्डिनल. लाल डोळे, मागच्या अर्ध्या अंगावर ठिपके, दिवसा जागच्या जागी तरंगणारा, संथ. कोणाशी भांडण नाही, पण सावकाश खाणारा आहे, त्यामुळे क्लाउन सगळं फस्त करत नाहीत ना यावर लक्ष ठेवा. सोबत सफाईला तीन-चार टर्बो गोगलगायी आणि दोन-तीन महिन्यांनी एक क्लीनर श्रिंप चालेल. यापलीकडे काही नको. कोणी सिक्स-लाइन रॅस सुचवेल, देखणा आहे आणि लहान आहे म्हणून. दोन-चार महिन्यांनी तो फायरफिशला बिळाबाहेर येऊ देणार नाही. मँडरिन नावाचा निळा-नारिंगी नक्षीचा मासा दिसला तर मन घट्ट करा. तो दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव खाऊन जगतो आणि नव्या छोट्या टँकमध्ये ते पुरत नाहीत.

कोणाला आधी आणायचं हे निवडीइतकंच महत्त्वाचं आहे. आधी भित्रे, शेवटी दांडगे. फायरफिश पहिला, त्याला सगळा टँक मोकळा मिळू द्या. त्यानंतर गोबी आणि कोळंबी एकत्र, मग कार्डिनल, आणि सर्वांत शेवटी क्लाउनची जोडी. मुलगी निमोची वाट पाहत असेल, तिला हे अवघड जाईल, पण क्लाउन आधी आले तर नंतर येणाऱ्या फायरफिशला ते पाहुणा म्हणून ठेवणार नाहीत, चोर म्हणून हाकलतील. प्रत्येक वेळी मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. तेवढ्यात वाढलेल्या घाणीला पुरतील इतके जिवाणू वाढतात, आणि पुढचा मासा वेगळ्या टाकीत तपासून होतो.

हो, वेगळी टाकी लागेल. तीस-चाळीस लिटरची साधी टाकी, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच. स्पंज मुख्य टँक सायकल होत असतानाच त्यात टाकून ठेवा, म्हणजे त्यावर जिवाणू तयार असतील. प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे तिथे ठेवा. इक निघाला तर तांब्याचं औषध त्याच टाकीत द्यायचं. मुख्य टँकमध्ये ते कधीही टाकू नका, कोळंबी आणि गोगलगायी मरतील. दुकानांत बहुधा खारटपणा कमी ठेवलेला असतो, विशिष्ट गुरुत्वात (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) मोजला तर १.०१८-१.०२० च्या आसपास. म्हणून दुकानातलं पाणी मोजून घ्या, वेगळ्या टाकीत आधी तेवढाच ठेवा आणि रोज थोडा थोडा वाढवत १.०२५ वर न्या. कमी खारटपणात जाणं माशाला सोपं जातं, वाढीव खारटपणात एकदम टाकणं घातक ठरतं.

नागपूर समुद्रापासून इतकं दूर आहे की दुकानातला मासा तुमच्यापर्यंत येण्याआधी पिशवीत एक-दोन दिवस काढून आलेला असतो. आल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकू द्या, मग जा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो खात नाही, ज्याचे कल्ले भराभर हलतात, ज्याचे पर अंगाला चिकटलेले आहेत, तो कितीही देखणा असला तरी सोडून या. बाहेरगावाहून थेट घरी मागवणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मारक होतो. म्हणून अशी पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, वेगळ्या टाकीचा खारटपणा पाठवणाऱ्याला आधीच विचारून तेवढा करून ठेवा आणि पिशवी उघडताच मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या.

आता मे महिना. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात तो येतच नाही. या माशांना २५ ते २७ अंश पाणी हवं आणि ते स्थिर हवं. तीसच्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशांची गरज वाढते. बाहेर ४५ असताना हे कसं साधायचं? आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा इथे फायदा आहे. हवा सुकी असली की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कूलर त्याच्यावरच चालतो. टँकच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारे एक-दोन छोटे पंखे लावले तर पाणी दोन ते चार अंश खाली येतं. खोलीत कूलर चालू असला तर हवा ओलसर होऊन पंख्याचा परिणाम कमी होतो, पण तेव्हा खोलीच थंड असते. पंखा चालायचा तर वर काच ठेवता येत नाही, आणि फायरफिशला झाकण हवं. त्यावर उपाय, ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली बारीक नायलॉनची जाळी. वारा जातो, मासा उडत नाही.

पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात तुमच्या टँकमधून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडेल. तीन दिवस भर घातली नाही तर खारटपणा हजारी ३५ वरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३८ पर्यंत चढेल. ही भर नेहमी साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं ऑटो टॉप-ऑफ यंत्र मिळतं. तुमच्यासाठी दिव्यांपेक्षा ते जास्त गरजेचं आहे. टँक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि दुपारी घर बंद असेल, तर पहिल्या एप्रिलमध्येच दुपारी तीन-चारला तापमान मोजून घ्या. पंखे लावूनही २९ ओलांडत असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागेल. तो महाग आहे, म्हणून त्याचा खर्च आत्ताच हिशोबात धरा, मासे तडफडताना नको. अवकाळी वादळात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्या. आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा शंभर वॉटचा हीटर हवाच.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. नळाला येणारं पेंच आणि कन्हानचं पाणी किंवा सोसायटीची बोअर, दोन्ही थेट वापरायचं नाही. घरचा आरओही तपासा. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारी व्यवस्था असते आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नास-शंभर दाखवतं. ती बंद करून घ्या, शक्य असेल तर पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज जोडा, म्हणजे टीडीएस शून्याजवळ येईल. मीठ मरीन सॉल्टच, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, वेगळ्या बादलीत आदल्या दिवशी पंप लावून ढवळलेलं. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदललं की पुरतं. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धूर फवारणी होते, त्या वेळी खिडक्या लावा, एअर पंप बंद करा आणि टँकवर ओला कपडा टाका. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, आणि डासांच्या औषधाने कोळंबी सर्वांत आधी मरते. टँकच्या खोलीत स्प्रे आणि कॉइल कायमची बंद.

तुमचं पत्र ऑक्टोबरात आलं, ही वेळ उत्तम आहे. आत्ता पाणी भरलंत तर नोव्हेंबर अखेरपर्यंत टँक सायकल होईल आणि थंडीच्या महिन्यांत मासे येतील, तेव्हा पिशवीत ते तापत नाहीत. मार्च अखेरपर्यंत क्लाउन वेगळ्या टाकीतून मुख्य टँकमध्ये आलेले असावेत. त्याला उशीर झाला तर एप्रिल-मे सोडून द्या आणि क्लाउन पावसाळ्यानंतर आणा.

गावी जायचं म्हणता, तर मोठे, धडधाकट मासे तीन-चार दिवस न खाता राहतात, पण आठ-दहा दिवस मे महिन्यात टँक एकटा सोडता येणार नाही. खाण्यापेक्षा धोका उडणाऱ्या पाण्याचा आहे. शेजारी कोणी विश्वासाचं असेल तर एक दिवसाआड येऊ द्या. दाण्यांच्या लहान पुड्या करा, प्रत्येकीवर तारीख घाला आणि डबा कुलपात ठेवा, कारण प्रेमापोटी लोक दुप्पट खायला घालतात. टॉप-ऑफची टाकी भरलेली ठेवा आणि शेजारी आरओच्या पाण्याचे दोन कॅन. काचेवर मार्करने पातळीची खूण करा. निघायच्या आठवड्यात शेजाऱ्यांना एकदा बोलावून पंखे चालू आहेत हे कसं पाहायचं, खुणेपर्यंत कोणतं पाणी घालायचं आणि तापमान २९ दिसलं तर कोणाला फोन करायचा, हे त्यांच्या हातून करून घ्या.